शिकता शिकता शिकविणारे डॉ. भाऊ दाजी लाड



गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीनंतर एक पालक मला शाळेत भेटावयास आले. कापूस वेचणीचे दिवस होते, तरी मजुरीचा अर्धा दिवस बुडवून ते आले होते. त्यांचा मुलगा आपल्याच शाळेतून दहावी झाला आणि आता बाहेरगावी विज्ञान शाखेत शिकतो. तिथले प्राध्यापक त्याला खालच्या वर्गाच्या प्रात्यक्षिकाला मदतनीस म्हणून उभे करतात. मुलांना तराजू कसा धरावा, सूक्ष्मदर्शकात काय पाहावे, वही कशी लिहावी हे तो दाखवितो. वडिलांचा प्रश्न साधा होता. मुलाला शिकायला पाठविले आहे की शिकवायला? दुसऱ्यांच्या वह्या तपासण्यात त्याचे वर्ष वाया गेले तर कोणाला जाब विचारायचा?

त्यांना मी चहा पाजला, परंतु उत्तर काही धड देता आले नाही. पुढे स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहा असा निरोप आला, तेव्हा त्या पालकांचा प्रश्न पुन्हा आठवला आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव डोळ्यांपुढे आले. मुंबईच्या भायखळ्याला राणीच्या बागेत, म्हणजे आजच्या जिजामाता उद्यानात, त्यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय आहे. सहलीला गेलेली मुले तिथे दारापाशी हत्तीचे शिल्प पाहतात, आत जुन्या मुंबईची मातीची चित्रे पाहतात आणि बाहेर येतात. ज्यांचे नाव त्या इमारतीला आहे ते कोण, हे मात्र फार थोडी मुले विचारतात.

त्यांचे खरे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. घरी भाऊ म्हणत, वडिलांना दाजी म्हणत, म्हणून भाऊ दाजी. जन्म १८२२ साली गोव्यातील पेडण्याजवळच्या मांद्रे गावी झाला. काही जण १८२४ साल धरतात. घरची गरिबी होती. पोट भरण्यासाठी वडील मुंबईस आले आणि मातीच्या बाहुल्या विकू लागले. ज्या घरात बाहुल्या विकून चूल पेटते त्या घरात मुलाला इंग्रजी शिकविण्याचा विचार कोण करणार? पण भाऊला बुद्धिबळाचा भारी नाद होता आणि त्यात तो मोठमोठ्यांना हरवी. एका इंग्रज गृहस्थाने त्याचा खेळ पाहिला आणि ह्या मुलास इंग्रजी शाळेत घाला असे वडिलांना सुचविले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. पालकहो, मला यात त्या इंग्रजापेक्षा वडिलांचे कौतुक अधिक वाटते. सल्ला देणारे पुष्कळ असतात. दुकानात बसून बाहुल्या विकू शकणारा हाताशी आलेला मुलगा शाळेत धाडणे, हे ज्याला पदरमोड करावी लागते त्यालाच ठाऊक.

भाऊ एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाले. तिथे त्या वेळी बाळशास्त्री जांभेकर शिकवीत होते. १८३२ साली मराठीतले पहिले वृत्तपत्र ‘दर्पण’ काढणारे हेच बाळशास्त्री. स्वतः विशीच्या आसपास असतानाच ते अध्यापनाच्या कामाला लागले होते. शिकणारा आणि शिकविणारा यांच्यात फार मोठे अंतर असलेच पाहिजे असे त्या काळच्या मुंबईत कोणी मानीत नव्हते. शिक्षक थोडे आणि शिकू पाहणारे पुष्कळ, अशी स्थिती होती. त्यामुळे वरच्या वर्गातल्या हुशार मुलाने खालच्या मुलांना सांभाळावयाचे आणि शिक्षण पुरे होताच तिथेच मदतनीस शिक्षक व्हावयाचे, असा रिवाज पडला होता. दादाभाई नौरोजी याच मार्गाने गेले. एल्फिन्स्टनमध्ये शिकले, तिथेच १८४५ मध्ये मदतनीस शिक्षक झाले आणि पुढे प्राध्यापक. आमचे भाऊही तसेच. विद्यार्थिदशेत त्यांनी बक्षिसे मिळविली. कच्छ-काठेवाडात मुलगी जन्मताच तिला मारून टाकण्याची जी दुष्ट चाल होती तिच्यावर निबंध लिहून त्यांनी मोठे पारितोषिक पटकाविले. मग त्याच संस्थेत त्यांना शिक्षकाची जागा मिळाली.

इथे जरा थांबू या. बाहुल्या विकणाऱ्याचा मुलगा एल्फिन्स्टनमध्ये शिक्षक झाला! बांधलेला पगार, समाजात मान. आपल्या केळापूर तालुक्यातल्या कोणत्याही घरात एवढे झाले असते तर पेढे वाटले गेले असते आणि पुढच्या महिन्यात मुलगी पाहावयास मंडळी निघाली असती. भाऊंनी काय केले? १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि हे तेवीस वर्षांचे शिक्षक पुन्हा विद्यार्थी म्हणून बाकावर जाऊन बसले.

हे कॉलेज निघण्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. सर रॉबर्ट ग्रँट हे मुंबईचे गव्हर्नर. एतद्देशीय मुलांना पाश्चात्त्य वैद्यक शिकवावे असा त्यांचा ध्यास होता, परंतु १८३८ मध्ये ते वारले. त्यांच्या नावे कॉलेज उभारावे असे मुंबईच्या लोकांनी ठरविले. शेजारी रुग्णालय हवे म्हणून सर जमशेटजी जीजीभाई यांनी मोठी देणगी दिली. तेच आजचे जे. जे. हॉस्पिटल. आपल्याकडचा रोगी नागपूरला बरा झाला नाही की पुढे त्याला जिथे नेतात, तेच ते.

कॉलेजचे पहिले प्रमुख डॉ. चार्ल्स मोरहेड. वैद्यक हे पुस्तकात नव्हे तर रोग्याच्या खाटेपाशी शिकावयाचे, हा त्यांचा आग्रह होता. विद्यार्थ्याला खाटा नेमून दिलेल्या असत. रोगी आला तो कोणत्या लक्षणांनी, आज ताप किती, औषध काय दिले, काल काय उतार पडला, हे रोजच्या रोज लिहून ठेवावयाचे. रोगी दगावला तर मृत्यूनंतर शरीर तपासून आपला तर्क कुठे चुकला हेही पाहावयाचे. मोरहेडसाहेबांनी पुढे १८५६ मध्ये हिंदुस्थानातील रोगांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो अशाच खाटेपाशी केलेल्या निरीक्षणांवर उभा आहे. ज्याला आपण आज वैद्यकीय संशोधन म्हणतो त्याचा पहिला धडा मुंबईतील मुलांनी अशा रीतीने गिरविला. नोंद नीट ठेवणे आणि चूक झाकून न ठेवणे, एवढाच तो धडा होता. आमच्या शाळेतील प्रयोगवहीत उत्तर आधी लिहून आकडे मागाहून भरणारे काही वीर आहेत. त्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

मुंबईतल्या त्या मुलांना प्रेताला हात लावणे किती जड गेले असेल याची कल्पना करा. कलकत्त्याला १८३६ मध्ये मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले तेव्हा सगळीकडे खळबळ उडाली होती. इथेही घरोघर तीच भीती, तोच विटाळ. तरीही मुले टिकली. सहा वर्षांनी, १८५१ साली, पहिली तुकडी बाहेर पडली तेव्हा तीत अवघे आठ जण होते. भाऊ दाजी त्यांतले एक. दुसरे आत्माराम पांडुरंग, जे पुढे प्रार्थना समाजाचे संस्थापक झाले. तिसरे गोव्याकडचे डॉ. लिसबोआ, ज्यांनी आपल्या भागातील वनस्पती आणि गवते यांचा अभ्यास करून नाव मिळविले. हिंदू, पारशी, ख्रिस्ती अशी ही मुले एका बाकावर शिकली. त्या पहिल्या आठांत मुसलमान मुलगा एकही नव्हता, ही गोष्ट लिहिताना माझी लेखणी अडखळते, पण लिहिलीच पाहिजे.

ही मुले शिकत होती त्याच वर्षांत मुंबईत आणखी एक गोष्ट घडत होती. १८४८ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी प्राध्यापक पॅटन यांच्या मार्गदर्शनाखाली एक सभा स्थापन केली. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी हे तिचे नाव. आधी आपसात निबंध वाचीत, वाद करीत. मग त्यांना वाटले की नुसते बोलून काय होणार? म्हणून १८४९ मध्ये ह्या पोरांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि सुरुवातीला स्वतःच वेळ काढून, बिनपगारी, तिथे शिकविले. गिरगावात जगन्नाथ शंकरशेट यांनी आपल्या वाड्यात जागा दिली. ह्याच सोसायटीचे पहिले हिंदी अध्यक्ष पुढे भाऊ दाजी झाले आणि मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी आयुष्यभर कष्ट घेतले. ज्या मुलाने बालिकाहत्येवर निबंध लिहून बक्षीस मिळविले त्यानेच मुलींच्या शाळेला हातभार लावला. निबंध आणि वागणूक यांत अंतर नव्हते.

पदवी मिळाल्यावर भाऊंनी मुंबईत स्वतंत्र वैद्यकी सुरू केली. धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्याच कॉलेजातून शिकून डॉक्टर झाले आणि दोघांनी मिळून गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. श्रीमंताकडून फी घ्यावयाची आणि गरिबाला फुकट औषध द्यावयाचे असा त्यांचा हिशेब होता. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा सरकारने जे पहिले सदस्य नेमले त्यांत अगदी मोजके हिंदी लोक होते. जमशेटजी, जगन्नाथ शंकरशेट यांच्या बरोबरीने त्यांत डॉ. भाऊ दाजी होते आणि मुंबईचे काझी मुहम्मद युसूफ मुरघे हेही होते. १८६९ मध्ये आणि पुन्हा १८७१ मध्ये भाऊ मुंबईचे शेरीफ झाले. मानसन्मानांची यादी याहून लांब आहे. ती मी इथे देत नाही, कारण मला सांगावयाचे आहे ते निराळेच.

एक प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे. १८६२ साली मुंबईच्या न्यायालयात महाराज लायबल खटला म्हणून गाजलेला दावा चालला. करसनदास मुळजी ह्या गुजराती संपादकाने एका बड्या धर्मगुरूच्या वर्तनावर लिहिले आणि त्यांनी त्याच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली. भाऊंना साक्षीला बोलाविले. डॉक्टर ह्या नात्याने जे पाहिले ते शपथेवर सांगावे लागणार, आणि सांगितले तर धनाढ्य रोगी दुखावणार. भाऊंनी जे खरे तेच सांगितले. रोग्याचे गुपित राखणे हा वैद्याचा धर्म आहे हे खरे. परंतु न्यायासनापुढे शपथ घेतल्यावर काय करावे, हा प्रश्न आजही डॉक्टरांना पडतो. तुमच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर ह्या प्रश्नावर चर्चा होऊ द्या.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. दवाखान्यात येणाऱ्या रोग्यांत भाऊंना सर्वांत जास्त छळले ते महारोग्यांनी. त्या काळी ह्या रोगाला औषध नव्हते. कारणही ठाऊक नव्हते. कोणी म्हणे रक्त बिघडले, कोणी म्हणे पूर्वजांचे पाप. रोग्याला घराबाहेर काढीत, गावाबाहेर बसवीत. हे सांगताना फार दूरच्या काळाचे बोलतो आहे असे समजू नका. माझ्या लहानपणी आमच्या गावाबाहेर एक म्हातारे गृहस्थ निराळ्या झोपडीत राहत आणि त्यांच्या भाकरी लांबूनच ठेवल्या जात. वास्तविक तोपर्यंत औषध निघाले होते आणि ते बरेही झाले होते. पण औषध रोग घालविते, लोकांच्या मनातली भीती घालवीत नाही.

भाऊंनी संस्कृत चांगले शिकून घेतले होते. नव्या वैद्यकाची पदवी हातात असली तरी जुने ग्रंथ अडगळीत टाकावेत असे त्यांना वाटले नाही. उलट त्यांत सांगितलेली औषधे एकेक घेऊन ती खरोखरच गुणकारी आहेत काय हे ते खाटेपाशी तपासू लागले. सुश्रुताने कुष्ठावर तुवरक नावाच्या वृक्षाचे बी सांगितले आहे आणि तो वृक्ष पश्चिम समुद्राकडील मुलखात होतो असेही म्हटले आहे. हकिमांच्या ‘मखजन-उल-अदविया’ ह्या ग्रंथातही चावलमुंगरी ह्या जवळच्याच बियाण्याचा उल्लेख आहे. कलकत्त्याला डॉ. मुआट यांनी १८५४ मध्ये पूर्वेकडील चौलमुग्र्याच्या तेलाचा महारोगावर उपयोग करून त्याविषयी लिहिले. कोकणात आणि गोव्यात, म्हणजे भाऊंच्या जन्मभूमीत, त्याच कुळातले झाड वाढते. लोक त्याला कडू कवठ म्हणतात. भाऊंनी महारोग्यांना ह्या कडू कवठाच्या बियांचे तेल देण्यास आरंभ केला. अंगावरचे चट्टे मावळतात, बधिर झालेल्या कातडीला पुन्हा स्पर्श कळतो, असे काही रोग्यांत दिसू लागले. बातमी पसरली आणि दुरून दुरून रोगी येऊ लागले.

मित्रांनो, इथपर्यंतची गोष्ट ऐकून तुम्ही टाळ्या वाजवाल. पण पुढचा भाग कडू आहे. भाऊंनी हे औषध कोणते ते जाहीर केले नाही. ते गुप्त ठेवले. डॉक्टर मंडळींत त्यावरून त्यांच्यावर टीका झाली आणि मला विचाराल तर ती टीका रास्त होती. औषध सांगितले नाही तर दुसरा डॉक्टर ते तपासणार कसे? एका माणसाच्या हाताने बरे झालेले रोगी हा अनुभव झाला. दहा जणांनी दहा ठिकाणी ताडून पाहिले म्हणजे त्याचे शास्त्र होते. जो मनुष्य शाळेत, सोसायटीत, व्याख्यानात आपले ज्ञान दोन्ही हातांनी वाटीत होता, त्याने नेमके हेच का मुठीत ठेवले? प्रयोग पुरते झाल्याखेरीज बोलू नये असा संकोच असेल, अर्धवट माहितीवर भोंदू लोक रोग्यांना लुबाडतील ही भीती असेल. ही माझी अटकळ. परिणाम मात्र स्पष्ट आहे. ते वारले आणि त्यानंतरच ते कडू कवठाचे तेल होते हे लोकांना कळले. स्वतः भाऊंनी सविस्तर लिहिले असते तर रोग्यांच्या नोंदी, मात्रा, पथ्य, कोणाला गुण आला, कोणाला नाही, हे सारे आपल्या हाती आले असते.

त्याच काळात त्याच ग्रँट कॉलेजात डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर नावाचे प्राध्यापक होते. वैद्यकाचे विद्यार्थी ज्याची पारायणे करतात त्या ग्रे यांच्या शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथातील मूळ चित्रे ह्या कार्टरसाहेबांनी काढली होती. तेही महारोगाच्या मागे लागले होते. १८७३ साली नॉर्वे देशात हॅन्सेन ह्या डॉक्टराला महारोग्याच्या गाठीत जंतू आढळले. म्हणजे हा रोग रक्तातले पाप नव्हे, एका जंतूची बाधा आहे. कार्टर स्वतः नॉर्वेला जाऊन तिथले काम पाहून आले आणि त्यांनी त्यावर लिहिले. भाऊ आणि कार्टर, एक औषधाच्या बाजूने आणि एक कारणाच्या बाजूने, एकाच शहरात एकाच रोगाला भिडले होते.

कडू कवठाच्या तेलाची गोष्ट पुढे थेट हवाई बेटांपर्यंत जाते आणि ती सांगितल्यावाचून मला राहवत नाही, कारण तिची नायिका एक विद्यार्थिनी आहे. हे तेल पोटात घेतले की मळमळ आणि वांत्या होत. सुईने टोचले तर कातडीखाली गाठी होत आणि असह्य दुखे. पाण्यात ते मिसळत नसे. अमेरिकेतील ॲलिस बॉल नावाच्या कृष्णवर्णीय मुलीने १९१५ साली हवाईच्या कॉलेजात रसायनशास्त्राची वरची पदवी घेतली आणि ती तिथेच मुलांना रसायन शिकवू लागली. ती पदवी तिथे मिळविणारी ती पहिलीच स्त्री. महारोग्यांवर उपचार करणारे डॉ. हॉलमन यांनी तिला ह्या तेलाचे कोडे घातले. दिवसा वर्ग घ्यावयाचे आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसावयाचे, असे करून तिने तेलातील आम्लांचे असे रूप तयार केले की ते सुईने टोचता येऊ लागले. १९१६ च्या ३१ डिसेंबरला, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी ती वारली. तिचे काम अपुरे छापावयाचे राहिले होते. तिच्याच कॉलेजच्या प्रमुखांनी ते पुढे नेले, स्वतःच्या नावावर प्रसिद्ध केले आणि तिचे नावसुद्धा घेतले नाही. १९२२ साली डॉ. हॉलमन यांनी ही रीत बॉलची आहे असे छापून सांगितले, म्हणून आज आपल्याला ते ठाऊक आहे. तिच्या नावाची पाटी त्या विद्यापीठात लागावयास २००० साल उजाडले. चौलमुग्र्याच्या झाडालाच ती पाटी लावली आहे.

ही गोष्ट वाचली की भाऊंच्या हाताखालच्या माणसाची आठवण होते. भाऊंना जुन्या शिलालेखांचा आणि नाण्यांचा दुसरा नाद होता. दवाखाना सांभाळून गिरनारला, अजिंठ्याला दर वेळी जाणे शक्य नव्हते. जुनागडला भगवानलाल इंद्रजी नावाचा तरुण होता. गिरनारच्या खडकावरची अक्षरे तो आपल्या बुद्धीने लावीत असे, इंग्रजी फारसे येत नव्हते. १८६१-६२ च्या सुमारास भाऊंनी त्याला मुंबईस बोलावून घेतले, घरच्यासारखे ठेवले आणि ठसे कसे घ्यावेत, अक्षर कसे ताडून पाहावे, अर्थ लागला नाही तर रिकामी जागा कशी सोडावी हे शिकविले. पुढे बारा-तेरा वर्षे भाऊंच्या खर्चाने तो देशभर हिंडला. मथुरेचे सुप्रसिद्ध सिंहशीर्ष १८६९ मध्ये त्यालाच सापडले. असा गुरू मिळणे हे नशीब. तथापि त्या वर्षांतले निबंध बहुतेक भाऊंच्या नावावर वाचले आणि छापले गेले. त्या काळची रीतच तशी होती असे म्हणता येईल. ज्याने उन्हात बसून ठसे घेतले त्याचे नाव निबंधावर असावे की नसावे, हा प्रश्न मात्र तेव्हाही होता आणि आजच्या प्रयोगशाळांतही आहे. आपली मुले पुढे कुठे मदतनीस म्हणून काम करतील तेव्हा पालकांनी ही बाब लक्षात ठेवावी. वेळ वाया जातो काय हे विचारण्याऐवजी केलेल्या कामाची नोंद कोणाच्या नावावर होते, हे विचारावे.

भाऊंची शेवटची वर्षे सुखाची गेली नाहीत. त्याचा आपल्या वऱ्हाडाशी दूरचा संबंध आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला आणि लोक डोळे मिटून शेअर घेऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळला आणि १८६५ मध्ये मोठमोठी घराणी बुडाली. भाऊंनीही पैसा गमावला. कापसाच्या भावाने माणूस कसा वर जातो आणि कसा खाली येतो हे पांढरकवड्याच्या वाचकांना मी काय सांगणार? कर्ज झाले, तरी दवाखाना आणि भगवानलालची भ्रमंती त्यांनी थांबविली नाही. राणीच्या बागेतले वस्तुसंग्रहालय उभे करण्यासाठी ज्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली त्यांत ते पुढे होते. ते १८७२ साली लोकांसाठी उघडले. पुढे त्यांना पक्षाघात झाला आणि मे १८७४ मध्ये ते वारले. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. त्याच वर्षी मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली आणि आपल्या मुलांच्या शिक्षणाचा विचार संस्था म्हणून सुरू झाला. वस्तुसंग्रहालयाला भाऊंचे नाव मिळावयास मात्र १९७५ साल यावे लागले.

कडू कवठाच्या तेलाची सद्दी १९४० नंतर संपली, डॅप्सोन नावाच्या गोळ्या आल्या. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने दोन-तीन औषधे एकत्र देण्याची रीत सांगितली आणि आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात ती देशात अगदी आरंभी वापरली गेली. तिकडे वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन आहे. महारोगाच्या जंतूंचा प्रयोग करून पाहण्यासाठी त्यांनी स्वतःचे शरीर कलकत्त्याच्या डॉक्टरांपुढे केले होते. आज सरकारी दवाखान्यात ह्या गोळ्या फुकट मिळतात आणि सहा महिने ते वर्षभरात रोगी बरा होतो. शाळेत आरोग्य तपासणीला येणारे कर्मचारी मुलांच्या पाठीवर बधिर चट्टा शोधतात, तो ह्याचसाठी.

भाऊ गेले तेव्हा भगवानलाल दूर नेपाळच्या दौऱ्यावर होते. गुरूंनी सांगितलेले काम अर्धे राहिले होते आणि आता पैसे पाठविणारे कोणी नव्हते. ते मुंबईस परतले, आणि त्यानंतर त्यांचे लेख त्यांच्या स्वतःच्या नावाने प्रसिद्ध होऊ लागले. इंग्रजीची अडचण होती, म्हणून ते गुजरातीत लिहीत आणि विद्वान मित्र त्याचे भाषांतर करून देत. १८८४ मध्ये हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने जुनागडच्या ह्या माणसाला सन्मानाने डॉक्टर ही पदवी दिली.

त्या पालकांना मी अजून भेटलेलो नाही. वेचणी संपली म्हणजे बाजाराच्या दिवशी ते पांढरकवड्याला येतात. ही स्मरणिका छापून आली की तिचा एक अंक मी त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवणार आहे.